गाडी आली, पण गाडीत कोण?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मंडळात शिवण शिकायला येणाऱ्या एका मुलीला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. घरात म्हाताऱ्या सासूशिवाय कुणी नाही, म्हणून तिने मला बोलावलं. १०२ ला फोन केला. गाडी लवकर आली, तक्रार नाही. पण गाडीत होता एकटा चालक. मागे आम्ही तिघी : ती, मी आणि आशाताई. निम्म्या वाटेतच बाळ झालं. आशाताईंनी त्याला कोरडं पुसलं, आईच्या छातीशी ठेवलं, वरून पदर गुंडाळला. मी दोन मुलांची आई, पण नुसती टॉर्च धरून थरथरत होते.

मायलेकरं सुखरूप आहेत. परतताना आशाताई म्हणाल्या, "ताई, घरी आलेल्या बाळाला कसं जपायचं ते मला शिकवलंय. पण तिचं रक्त थांबलं नसतं, तर मी गाडीत काय करणार होते?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आपण रुग्णवाहिका मोजतो त्या गाड्यांच्या संख्येनं. गाडी येते, नारळ फुटतो, फोटो छापून येतो. आत बसणारं माणूस कुणी मोजत नाही. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यांत डॉक्टरही नेमले गेले. मोठी सोय झाली. पण गरोदर बायांना नेणारी १०२ ची गाडी, संस्थांच्या आणि खासगी गाड्या, यांत रुग्णाजवळ बहुतेकदा घाबरलेले नातेवाईकच असतात. प्रत्येक गाडीत डॉक्टर देणं अवघड आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञ देता येईल.

हा तंत्रज्ञ करतो काय? श्वासाची वाट मोकळी करतो, वाहतं रक्त दाबून धरतो, मोडलेलं हाड हलू देत नाही, ऑक्सिजन लावतो. हृदय थांबलं तर मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबतो. बाळंतिणीचं रक्त थांबत नसेल, तर पोटावरून गर्भाशय चोळून ते आवळायला मदत करतो. ही सगळी शिकण्याजोगी कामं आहेत.

"हे का येरागबाळ्याचं काम?" असं कुणी म्हणेल. अमेरिकेत पिट्सबर्गला १९६७ मध्ये 'फ्रीडम हाउस' ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. डॉ. पीटर साफर यांनी तिथल्या गरीब वस्तीतल्या, हाताला काम नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं. त्यांच्या कामाकडे पाहून पुढे इतरांनी धडे घेतले. मग आमच्या बारावी झालेल्या मुलींना का जमू नये?

म्हणून माझी मागणी साधी आहे. तालुक्याच्या ठिकाणी, उपजिल्हा रुग्णालयाच्या आधारानं हा अभ्यासक्रम सुरू करा. निम्म्या जागा मुलींना ठेवा. शिक्षण फळ्यावर संपू नये. अपघात विभागात आणि प्रसूतिगृहात हात चालले पाहिजेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या व्यवसायाला आरोग्य व्यवसायांच्या यादीत जागा दिली आहे. तेव्हा प्रमाणपत्रही मान्यताप्राप्तच हवं. गल्लीबोळातल्या 'पॅरामेडिकल' क्लासमध्ये पैसे भरण्याआधी पालकांनी मान्यतेचा कागद जरूर मागावा.

"रात्री-अपरात्री पोरगी गाडीवर जाणार?" हा प्रश्न मला आमच्याच बैठकीत विचारला गेला. अहो, नर्स रात्रपाळी करतातच ना! सुरक्षित विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह, वेळेवर पगार, हे मागून घेऊ. मुलीला घरी बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि कळा देणाऱ्या बाईला त्या गाडीत एक जाणती बाई भेटली, तर केवढा धीर येईल!

मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत रुग्णवाहिकेचा विषय निघाला, तर गाडी कधी येणार एवढंच विचारून बसू नका. त्या गाडीत कोण असणार, तेही विचारा.