पैसे भरून लेखक होण्याआधी

"कवितासंग्रह काढतोय, प्रस्तावना द्याल का?" असा फोन हल्ली वरचेवर येतो. फोन करणारी मुलं-मुली आपलीच असतात. घरात दखनी नाहीतर कोकणी, शिक्षण मराठीत. त्यांना मराठीत लिहावंसं वाटतं याचा आनंद होतो. मग मी विचारतो, "प्रकाशक किती घेतोय?" आणि आकडा ऐकून गप्प होतो.

कारण मीही भरलेत. माझ्या पहिल्या पुस्तकाला वीस हजार दिले. ते कुणी वाचलंच नव्हतं, फक्त छापलं. एका कथेत 'इद्दत'च्या जागी सगळीकडे 'इज्जत' पडलं आणि कथेचा अर्थच उलटा झाला. उरलेल्या प्रती अजून पलंगाखाली आहेत.

हे पैसे आता कशाचे, हे तरी विचारा. आयएसबीएन आपल्याकडे सरकार फुकट देतं, लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. किंडलवर मराठी पुस्तक टाकायला शुल्क नाही. मागणीनुसार छपाईत दहा प्रतीही निघतात, तीनशेचा गठ्ठा उचलायची गरज नाही. म्हणजे छपाई सोपी झाली. महाग झालाय तो संपादक, म्हणजे 'ही इद्दत काय आहे, नीट सांगा' असं विचारणारा माणूस. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं, नंतर एकेक मासिक गेलं, तशी ही माणसंही कमी होत गेली.

याची झळ आपल्याला जास्त बसते. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ची. कोकणातल्या मुसलमान गावाचं आतून केलेलं चित्रण म्हणून आजही तिचंच नाव घ्यावं लागतं, हे काही फार भूषणाचं नाही. मोठ्या अंकांना आपली आठवण तलाकची बातमी आली की होते. तेव्हा लेख हवा असतो, गोष्ट नाही. (मलाही दोनदा असंच बोलावणं आलं. दोन्ही वेळा मी लिहिलं, हेही कबूल करतो.)

तेव्हा त्या वीस हजारांतले दोन हजार चांगल्या मुद्रितशोधकाला द्या. चौघांना जमवून हस्तलिखित मोठ्याने वाचा. त्यात एक आपल्या समाजाबाहेरचा असू द्या, त्याला जिथे अडेल तिथे खूण करा. आणि या मासिकाच्या संपादकांनाही माझी विनंती आहे: महिन्याला एक कथा छापा, नाकारलेल्या कथेला चार ओळींचं उत्तर पाठवा. पहिले काही महिने ती उत्तरं लिहायला मी येतो.