रविवार, मैदान आणि श्वास

डिसेंबर उजाडला की मुंबईच्या हवेतील दमटपणा किंचित ओसरतो आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटेच्या अंधारात पावलांचा आवाज वाढू लागतो. बँकेतील कारकून, निवृत्त शिक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण आणि मुलांचे डबे करून धावायला आलेल्या गृहिणी एकाच वर्तुळात धावत असतात. पार्काभोवतीची एक फेरी सुमारे १.२ किलोमीटरची. पाच फेऱ्या झाल्या की सहा किलोमीटर होतात आणि येत्या रविवारच्या शर्यतीची तयारी पुढे सरकते. समुद्रकाठच्या या शहरात वर्षातील बहुतेक महिने घाम अंगावर वाळत नाही आणि म्हणून लांब पल्ल्याचे धावणे जिवावर येते. थंडीचे जेमतेम तीन महिने धावणाऱ्याला साथ देतात. त्यामुळे मुंबई, ठाणे, वसई-विरारपासून पुण्यापर्यंत रस्त्यांवरील बहुतेक शर्यती या हंगामात दाटीने भरतात.

हे दृश्य उमेद वाढविणारे आहे, आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु ज्या पक्षाला कष्टकरी माणसाच्या दिवसाचा हिशेब ठेवावयाचा आहे, त्याच्या कार्यकर्त्यांनी हे दृश्य पाहताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या वर्तुळात कोण नाही? लालबागच्या गाळ्यात बारा तास पहारा देऊन पहाटे परतणारा सुरक्षारक्षक येथे नाही. परळच्या रुग्णालयातील कंत्राटी सफाई कामगार नाही. घरोघरी जिन्नस पोहोचविणारा दुचाकीस्वार नाही. नळाला पाणी येण्याची वेळ आणि धावण्याची वेळ एकच असल्यामुळे चाळीतील बाईही नाही. धावणे हा सर्वांत स्वस्त खेळ म्हणून ओळखला जातो. तरीही त्याला तीन गोष्टी लागतातच : मोकळा वेळ, मोकळी जागा आणि स्वच्छ हवा. या तिन्ही गोष्टी बाजारात विकत घेण्याच्या नव्हेत, त्या सार्वजनिक आहेत. आणि आज या तिन्हींचा संकोच होत आहे.

प्रथम वेळेचा विचार करू या. सर्व शर्यती रविवारी होतात, कारण रविवारी सुटी असते. ही सुटी कोणी सरकारने उदार होऊन दिलेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी पुढे केली. त्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज सर्व जण जो रविवार गृहीत धरतात, त्याच्या पाठीशी गिरणगावातील अशा हजारो अनाम माणसांचा आग्रह उभा आहे. खंडोबाच्या वाराची सबब सांगून का होईना, त्यांनी मालकाच्या घड्याळातून एक दिवस सोडवून घेतला.

आता हे घड्याळ उलटे फिरविण्याचा उद्योग चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता अमलात आणल्या. जादा तासांना कामगाराची संमती आणि जादा मोबदला यांची ग्वाही दिली जाते. परंतु ज्याच्या नोकरीचा भरवसा महिन्यापुरताही नाही, त्याच्या संमतीला कितीसा अर्थ उरतो? बारा तास काम आणि तीन तास लोकल-बसचा प्रवास करणाऱ्या माणसाला पहाटे उठून धावण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. ज्याचा दिवसच हिरावला गेला, त्याचे आरोग्य हा त्याच्या शिस्तीचा प्रश्न राहत नाही, तो कायद्याचा प्रश्न होतो.

दुसरी गोष्ट जागेची. शिवाजी पार्क १९२५ मध्ये नगरपालिकेने माहीम पार्क या नावाने लोकांसाठी खुले केले. अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील विराट सभा येथे झाल्या. शेजारच्या चैत्यभूमीवर दर ६ डिसेंबरला येणारा लाखोंचा समुदाय याच मैदानाच्या आधाराने विसावतो. म्हणजे ज्या हंगामात धावपटू येथे फेऱ्या मारतात, त्याच हंगामात देशभरातून आलेला सर्वांत गरीब माणूस येथे रात्र काढतो. तिकीट न काढता आत जाता येणारी मोकळी जागा शहराला किती आवश्यक असते, हे यावरून ध्यानात यावे.

गिरणगावाला अशी जागा मिळण्याची संधी एकदा आली होती. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. त्यानुसार विकासास निघालेल्या जमिनीचा सुमारे एकतृतीयांश वाटा महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, तेवढाच वाटा म्हाडाकडे घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे जावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली आणि लोकांच्या वाट्याची मैदाने कागदावरच विरघळली. आज तेथे उभ्या असलेल्या मनोऱ्यांत खाजगी व्यायामशाळा आहेत, आणि रहिवाशांपुरत्या धावपट्ट्याही आहेत. खाली चाळीत राहणाऱ्या मुलाला मात्र धावावयाचे झाल्यास वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत शिवाजी पार्क गाठावे लागते.

तिसरी गोष्ट हवेची. थंडीत समुद्रावरून येणारा वारा मंदावतो, जमिनीलगतची हवा वर सरकत नाही, आणि शहराची धूळ शहरावरच साचून राहते. धावणारा माणूस विश्रांती घेणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी पट अधिक हवा छातीत ओढतो. म्हणजे शर्यतींचा हंगाम आणि विषारी हवेचा हंगाम एकच ठरला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावणे, राडारोडा झाकणे, पाणी फवारणे असे नियम जाहीर केले. खुद्द शिवाजी पार्कात अंथरलेल्या लाल मातीची धूळ भोवतालच्या घरांत शिरते अशी रहिवाशांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने वरचा थर काढण्यास सांगितले, तज्ज्ञांचे सल्ले घेतले गेले, आणि हंगामामागून हंगाम गेले. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे महापालिकेत लोकनिर्वाचित सभागृहच नव्हते, या गोष्टीचा या दिरंगाईशी संबंध नाही असे कोण म्हणेल? एक मात्र विसरता कामा नये. धावपटू तासाभराने घरी जातो. पत्र्याआड सिमेंट कालवणारा बिगारी मात्र तीच धूळ दिवसभर खातो आणि रात्री तिच्यातच झोपतो. हवेचा लढा हा प्रथम त्याचा लढा आहे.

या पार्श्वभूमीवर जानेवारीतील मोठ्या मॅरेथॉनकडे पाहिले पाहिजे. २००४ च्या फेब्रुवारीत एका विदेशी बँकेच्या नावाने ती सुरू झाली. पुढे ती जानेवारीत आली आणि २०१८ पासून टाटांच्या नावाने भरते. अलीकडे साठ हजारांच्या आसपास माणसे तिच्या निरनिराळ्या अंतरांत धावतात. तिच्या निमित्ताने सेवाभावी संस्थांसाठी कोट्यवधी रुपये जमतात, हे नाकारण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यवीर सावरकर मार्गावर दादर-माहीमचे रहिवासी अनोळखी धावपटूंना पाणी देतात, टाळ्या वाजवितात. हे नागरिकत्वाचे सुंदर दर्शन आहे. परंतु रस्ता सार्वजनिक, पोलीस सार्वजनिक, सफाई सार्वजनिक, आणि प्रवेशशुल्क मात्र लांब अंतरासाठी हजारांच्या घरात, ही व्यवस्था कष्टकऱ्याला बाजूला उभे राहून टाळ्या वाजविण्यापुरतीच जागा ठेवते. २०२६ मध्ये ही शर्यत १८ जानेवारीला झाली. १९८२ साली याच तारखेला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला होता. त्या दिवशी शहराने धावपटूंचे स्वागत केले, ते योग्यच झाले. पण ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांची आठवण त्या रस्त्यावर किती जणांना झाली?

धावणे ही मुळात कष्टकऱ्यांचीच विद्या आहे. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांना ऑलिंपिकला भारतीय संघ पाठविण्याची कल्पना सुचली. त्यातूनच बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० मध्ये अँटवर्पला मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील ललिता बाबर आणि नाशिकच्या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी अलीकडच्या काळात तीच परंपरा पुढे नेली. आणि बारामतीच्या लता करे? साठी ओलांडलेली ही शेतमजूर स्त्री नऊवारी नेसून अनवाणी धावली, कारण पतीच्या तपासणीसाठी पैसे नव्हते आणि शर्यतीला बक्षीस होते. ती जिंकली. २०२० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, सर्वत्र कौतुक झाले. तिच्या जिद्दीला प्रणाम करावा तेवढा थोडाच. पण ज्या राज्यात एका वृद्धेला नवऱ्याच्या उपचारासाठी शर्यत जिंकावी लागते, त्या राज्याच्या आरोग्यव्यवस्थेवर ते आरोपपत्र आहे, हे कौतुकाच्या गजरात कोणी बोलले नाही.

काही कार्यकर्त्यांना खेळाचा विषय गौण वाटतो. महागाई, बेकारी, घरे हे प्रश्न सोडून शर्यती कसल्या भरवावयाच्या, असे ते विचारतात. त्यांनी चळवळीचा इतिहास आठवावा. शिवाजी पार्क ज्या वर्षी खुले झाले, त्याच १९२५ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे समाजवादी कामगार क्रीडासंघटनांनी कामगार ऑलिंपियाड भरविले. तेथे राष्ट्रांच्या झेंड्यांऐवजी लाल बावटा होता आणि ‘पुन्हा युद्ध नको’ ही घोषणा होती. १९३१ च्या व्हिएन्ना ऑलिंपियाडसाठी तेथील समाजवादी नगरपालिकेने भव्य क्रीडागार उभारले. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून मैदानावरील खेळ आणि संचलन यांतूनच समतेचे संस्कार केले. जो तरुण वस्तीच्या मैदानावर दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर धापा टाकतो, त्याला द्वेषाच्या मिरवणुकीत ओढणे अवघड जाते. मैदाने ओस पडली की ती मिरवणूक भरते.

तेव्हा पुढील हिवाळ्यासाठी काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. महापालिकेने प्रत्येक विभागात थंडीच्या हंगामात किमान एक विनाशुल्क शर्यत स्वतःच्या खर्चाने भरवावी आणि तीत मुले, स्त्रिया, वृद्ध व अपंग यांच्यासाठी स्वतंत्र गट असावेत. व्यापारी प्रायोजकांच्या शर्यतींकडून रस्ता, पोलीस आणि सफाई यांचा पूर्ण आकार घ्यावा आणि ती रक्कम वस्त्यांतील मैदानांच्या दुरुस्तीलाच खर्च करावी. शर्यतीनंतर रस्ता साफ करणाऱ्या कंत्राटी कामगारांना त्या रविवारची दुप्पट मजुरी आणि बदली सुटी मिळावी. शिवाजी पार्कच्या धुळीचा निकाल मुदत घालून लावावा, आणि बांधकामावरील धुळीचे नियम मोडणाऱ्यांवर दंड ठोठावून त्याची यादी प्रसिद्ध करावी. कामाच्या तासांच्या प्रश्नावर तर कामगार संघटनांनी तडजोड करताच कामा नये.

मागण्या करून थांबणे मात्र पुरेसे नाही. शर्यत भरविण्यास भांडवल फार लागत नाही. पोलिसांची परवानगी, नाक्यानाक्यावर चार स्वयंसेवक, पाण्याचे पिंप, प्रथमोपचाराची पेटी, एक डॉक्टर आणि छातीवर लावावयाचे कागदी क्रमांक एवढी सामग्री कोणतेही मंडळ जमवू शकते. लालबाग-परळच्या व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळे, रात्रशाळा आणि संघटना एकत्र आल्या तर परळच्या कामगार मैदानापासून शिवाजी पार्कपर्यंत एका रविवारी पहाटे शर्यत भरविता येईल. तीत घरेलू कामगार बाई आणि तिची शाळकरी मुलगी एकाच रेषेवर उभी राहील, आणि रात्रपाळी संपवून आलेल्या पहारेकऱ्यालाही जागा असेल. तिला कोणा कंपनीचे नाव देण्याची गरज नाही. नाव द्यावयाचेच असेल तर ज्याने या शहराला रविवार मिळवून दिला, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे द्यावे.