दाराखालचे काळे पाणी

पावसाळा सुरू झाला की लाकडावर चालणाऱ्या हॉट वॉटर जनरेटरबद्दल एक तक्रार हमखास येते : ‘टाकी गळतेय.’ भट्टीच्या दाराच्या खालच्या पट्टीवरून काळपट तपकिरी पाणी ओघळते, चौकटीखाली ओल धरते, आंबूस वास सुटतो. मालक वेल्डरला बोलावतो. तो चौकटीचा कोपरा घासून दोन टाके मारतो, वरून लाल सिलिकॉन फासतो आणि निघून जातो. आठवडाभरात पाणी पुन्हा दिसते, आणि आता त्या कोपऱ्यात उष्णतेने ताणला गेलेला एक जोड कायमचा राहतो. या अंकातून आमचे सांगणे एकच आहे. हे पाणी टाकीचे की धुराचे, हे ठरल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नका.

वसतिगृहे, डेअऱ्या, हॉटेले, इचलकरंजी-सोलापूरकडचे छोटे प्रोसेसिंग कारखाने अशा कितीतरी ठिकाणी डिझेल परवडत नाही म्हणून लाकूड किंवा ब्रिकेट जाळले जाते. वाफेचा बॉयलर असेल तर निदान बाष्पके विभागाची वार्षिक तपासणी तरी होते. १०० अंशांच्या खाली पाणी तापवणारी टाकी मात्र बॉयलरच्या कायदेशीर व्याख्येतच बसत नाही. १९२३चा कायदा जाऊन २०२५चा आला, तरी ही वगळणूक कायम आहे. म्हणजे या यंत्राकडे जाणत्या नजरेने पाहणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकच, तो म्हणजे देखभाल करणारे तुम्ही. म्हणूनच हा विषय थोडा सविस्तर मांडतो आहोत.

लाकूड जळताना पाणी तयार होते, हे शाळेत शिकलेले आपण भट्टीपुढे विसरतो. पूर्ण कोरड्या लाकडात वजनाने सुमारे सहा टक्के हायड्रोजन असतो. तो जळला की एका किलोमागे अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी वाफेच्या रूपात धुरात मिसळते. लाकडात आधीच ३० टक्के ओल असेल तर दोन्ही मिळून किलोमागे जवळजवळ पाऊण लिटर. आता हिशोब करा. हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांवर न्यायला असे लाकूड ३० किलोच्या आसपास लागते. म्हणजे सकाळच्या एका तापवणीत सुमारे २० लिटर पाणी धुरावाटे जाते. त्यातला दहावा हिस्सा जरी आतल्या पत्र्यावर थिजला, तरी दाराखाली दोन लिटर पाणी दिसणार. टाकीला छिद्र असण्याची गरजच नाही.

ते थिजते कशामुळे? लाकडाच्या धुराचा दवबिंदू ओल आणि जादा हवा यांनुसार साधारण ४५ ते ५५ अंशांवर असतो, फार ओल्या जळणात त्याहूनही वर. आग ८०० अंशांची असताना पत्रा थंड कसा, असा प्रश्न फायरमन विचारतात आणि तो रास्त आहे. पत्र्याच्या एका बाजूला वायू असतो, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी पत्र्याची उष्णता वायूच्या मानाने कितीतरी झपाट्याने ओढून घेते, म्हणून पत्र्याचे तापमान पाण्याच्या तापमानाला चिकटून राहते. टाकीत ३० अंशांचे पाणी असेल तर आतला पत्राही चाळिशीच्या आसपासच रेंगाळतो आणि त्याला घाम सुटतो. दाराची चौकट हा त्यातला सर्वांत थंड भाग. तिच्यामागे पाणी आहे, समोरून बाहेरची हवा लागते आणि आगीचा झोत तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. वर थिजलेले पाणीही उतरत उतरत तिथेच येते.

ओळखायचे कसे, तर आधी वेळ पाहा. थंड टाकीला आग लावल्यावर टिपकणे सुरू झाले आणि पाणी साठाच्या वर गेल्यावर थांबले, तर तो घाम. पाणी ८० अंशांवर असतानाही पट्टी ओलीच राहत असेल, तर गळतीचा संशय घ्या. मग लिटमस कागद काढा. घामाच्या पाण्यात लाकडातून निघालेले ॲसेटिक, फॉर्मिक यांसारखी आम्ले असतात, त्यामुळे निळा कागद लाल होतो. टाकीतल्या पाण्यात नेहमीचे गंजरोधक रसायन असेल तर ते अल्कलीकडे झुकते आणि लाल कागद निळा करते. दोन्ही पाण्यांचे नमुने शेजारी ठेवून पाहिले की बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो. टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका, कारण राख आणि डांबर मिसळले की तो आकडा काहीही दाखवतो.

तरीही शंका उरली तर पातळीची खूण करा, पण दोन्ही वेळा तापमान सारखे असू द्या. २५ अंशांचे हजार लिटर पाणी ८० अंशांवर सुमारे २५ लिटरने फुगते. गरम असताना केलेली खूण आणि थंड झाल्यावरची पातळी यांची तुलना करून कितीतरी ‘गळत्या’ शोधल्या जातात, ज्या मुळात नसतात. शेवटचा उपाय म्हणजे एक रात्र भट्टी बंद ठेवणे. राख काढा, आतून पुसून कोरडे करा, टाकी भरलेली ठेवा, पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि सकाळी टॉर्च घेऊन प्रत्येक जोड पाहा. तेव्हाही ओल दिसली तर वेल्डरला बोलवा, आणि त्याला वरून डाग न मारता खराब पत्रा कापून नवा बसवायला सांगा. गंजाने कागदासारख्या झालेल्या पत्र्यावर टाका धरत नाही.

पाणी घामाचेच निघाले म्हणून निश्चिंत होऊ नका. हे आम्लाचे पाणी राखेत मुरते, ती ओली राख चौकटीच्या तळाशी आणि शेगडीखाली चिकटून बसते आणि पोलादाचा पत्रा त्या थराखाली आतल्या आत झिजत राहतो. आज घाम असलेली गोष्ट काही हंगामांनंतर खरोखरची गळती होते ती अशी. आग दाबून ठेवली की त्यात डांबराची भर पडते. मागणी नसताना डँपर बंद होतो, लाकूड जळण्याऐवजी धुमसत राहते आणि न जळलेले डांबरी वायू थंड पत्र्यावर बसतात. हे डांबर दाराची फट बंद करणाऱ्या दोरीत शिरून कडक झाले की दार घट्ट बसत नाही. दाराची गळती आणि दाराचा घाम हे दोन वेगळे विकार मानण्याची पद्धत आम्हाला म्हणूनच मान्य नाही. दोन्ही एकमेकांना वाढवतात.

दाराची परीक्षा सोपी आहे. भट्टी थंड असताना चौकटीच्या धारेला खडू फासा, दार लावून उघडा आणि दोरीवर उमटलेली रेघ पाहा. जिथे रेघ तुटली तिथे दार टेकत नाही. कागदाची पट्टी दारात धरून ओढण्याची रीतही चांगली, ती चारी बाजूंनी आणि कोपऱ्यांवर करावी. धूर ओढणारा आयडी फॅन असेल तर तो थंड भट्टीवर चालू करून पेटती उदबत्ती दाराभोवती फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे हवा शिरते आहे. ही चोरटी हवा भट्टी बंद ठेवूच देत नाही. डँपर मिटलेला असतानाही आग चालू राहते, रात्री पाणी उकळते, आणि त्याच फटीजवळ आगीची जीभ तयार होऊन दार वाकते. वाकलेल्या दाराला नवी दोरी लावून उपयोग नसतो. आधी बिजागऱ्या, मग खटका, मग दाराच्या आतल्या अस्तराची तडा गेलेली वीट, हे सगळे पाहून शेवटी दोरी.

दारातून धूर बाहेर येत असेल तर मात्र नजर दारावरून हलवा. चांगल्या ओढीच्या भट्टीत आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, पाण्याच्या काही मिलिमीटर स्तंभाइतका. ट्यूबमध्ये काजळी भरली, चिमणीत डांबर जमले किंवा फक्त हवा ढकलणारा एफडी फॅनच जोरात चालवला की हा दाब उलटतो, आणि मग कितीही चांगली दोरी धूर अडवू शकत नाही. अशा वेळी दोरी बदलत बसणारा फिटर आजार सोडून लक्षणावर खर्च करतो. ट्यूब ब्रशने साफ करा, चिमणीचा तळ उघडून पाहा आणि मगच दाराकडे या.

दोरी बसवताना खाच खरवडून स्वच्छ करा आणि दोरी ओढून ताणू नका. ताणली की ती बारीक होते आणि पहिल्याच तापवणीत बसते. जोड कोपऱ्यात आणू नका. जुन्या भट्ट्यांवर ॲस्बेस्टॉसची दोरी असू शकते. ती कोरडी खरवडू नका, पाण्याने भिजवून, योग्य मास्क लावून काढा. सिरॅमिक फायबरची दोरी कापतानाही मास्क हवाच. याबाबत आपल्या व्यवसायात जो निष्काळजीपणा आहे तो आम्हाला अस्वस्थ करतो, कारण त्याची किंमत मालक नव्हे तर फिटर आपल्या छातीने मोजतो.

आता मूळ उपायाकडे. परतीचे पाणी टाकीत ६० अंशांच्या खाली शिरू देऊ नका. त्यासाठी पुरवठ्याचे थोडे गरम पाणी परतीत मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह किंवा छोटा बायपास पंप लागतो. हा खर्च टाकीच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ आहे, तरी बऱ्याच कोटेशनमध्ये तो नसतो. दर कमी दाखवण्यासाठी पहिल्यांदा तोच गाळला जातो. दुसरे, गरजेपेक्षा मोठी भट्टी विकू नका. मोठी भट्टी दिवसभर धुमसते, आणि धुमसणाऱ्या भट्टीला घाम येतोच. तिसरे जळण. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मी ओल असू शकते. बाभूळ असो, सुबाभूळ असो वा निलगिरी, उन्हाळ्यात फोडून, जमिनीपासून उचलून, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या ठेवून रचले तरच ते पावसाळ्यात जळण म्हणावे असे राहते. ब्रिकेटला तर थेट पाणी लागले की तिचा भुगाच होतो.

भट्टी दीर्घकाळ बंद राहणार असेल तर राख पूर्ण काढा. कोकणात आणि घाटमाथ्यावर आर्द्रतेने राख आपोआप ओली होते, आणि आग नसतानाही पत्रा खात राहते.

फायरमनबद्दल एक शब्द. पाणी टिपकले की पहिला दोष त्याच्यावर जातो, पण परतीच्या नळीवर थर्मामीटर नाही, लिटमस कागद नाही, ओल मोजायचे मीटर नाही अशा स्थितीत त्याने काय ओळखावे? दार उघडण्याआधी डँपर उघडून थोडे थांबावे आणि मग दार आधी बोटभरच किलकिले करावे, हे त्याला कोणी नीट शिकवलेले नसते. धुमसती भट्टी एकदम उघडली की आतले वायू भडकून ज्वाला तोंडावर येते. हे शिकवणे देखभाल करणाऱ्याचेच काम आहे, आणि ते बिलात लिहिले नाही तरी करावे.

वाचकांना विनंती आहे की तुम्ही देखभाल करता त्या प्रत्येक हॉट वॉटर जनरेटरच्या परतीच्या नळीवर या महिन्यात एक थर्मामीटर बसवा आणि आग लावल्यापासून तासभर त्याचे आकडे एका वहीत लिहायला फायरमनला सांगा. त्या वहीची पाने आम्हाला पाठवा. जळण कोणते, टाकी किती लिटरची आणि दार कधी कोरडे झाले, एवढे सोबत लिहा. पुढील अंकांत त्यांवर चर्चा करू.