वेदनेचे कौतुक पुरे!

वेदनेतूनच श्रेष्ठ कला जन्माला येते, हे वचन आपल्याकडे फार लाडके आहे. निबंधात ते लिहिले जाते, वक्तृत्व स्पर्धेत ऐकू येते आणि स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांच्या भाषणात तर हमखास असते. टाळ्याही पडतात. मी लिनोलियम कोरून छापचित्रे करते आणि चौदाव्या वर्षापासून मला संधिवात आहे. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे समजते. माझे मत असे की, वेदनेतून कला जन्मत नाही. वेदना असूनही ती करता येते; आणि ती कशामुळे करता येते, हा खरा प्रश्न आहे.

संधिवात म्हटला की लोकांना आजीचे गुडघे आठवतात. वस्तुतः तो लहान मुलांनाही होतो. सकाळी बोटे आखडलेली असतात, वेणी घालायलाही वेळ लागतो. दुपारी ती जरा सैल होतात, संध्याकाळी पुन्हा ठणकू लागतात. हे दुखणे बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ‘बरी तर दिसतेस की!’ हे वाक्य आठवड्यातून चारदा ऐकावे लागते. ठणक असते त्या वेळी कोणतीही उदात्त कल्पना सुचत नाही, हे मी खात्रीने सांगते. तेव्हा फक्त गरम पाणी सुचते.

वेदना हीच जर गुरू असती, तर माझी आई केव्हाच मोठी कलावंत झाली असती. ती विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेल्या पानांची चळत, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तिची मान, कंबर आणि बोटे माझ्याआधीपासून दुखतात. त्या दुखण्याला कोणी प्रतिभा म्हटले नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. दुखणे दोघींचेही आहे. पण माझ्या हाती कोरणी आली आणि ती चालवायला थोडा मोकळा वेळ मिळाला. फरक आहे तो एवढाच.

या बाबतीत फ्रान्सच्या तुलूझ-लोत्रेकचे (१८६४–१९०१) उदाहरण देण्याची पद्धत आहे. १८७८ आणि १८७९ साली त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडे एकामागून एक मोडली आणि पुढे त्याचे पाय वाढलेच नाहीत. या दुःखाने म्हणे त्याला चित्रकार केले! पण हाडे मोडण्याच्या आधीपासून तो चित्रे काढीत होता, आणि तो सधन सरदार घराण्यातला होता, हे कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट. शिळाछापाच्या दगडावर रेखाटन तो करी, परंतु यंत्र चालवून छाप काढण्याचे काम छापखान्यातील कारागीर करीत. १८९३ साली एका चित्रसंपुटाच्या मुखपृष्ठावर त्याने यंत्राशी उभा असलेला म्हातारा कारागीर कोतेल दाखवला आहे, आणि पुढे ताजा छाप निरखून पाहणारी नर्तकी जान आव्रिल. आपल्या पायांचे दुःख त्याने तिथे मांडले नाही; दुसऱ्याच्या हातांचे श्रम मांडले. जपानात होकुसाईच्या काळीही चित्र काढणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा आणि छापणारा तिसरा अशीच रीत होती. म्हणजे दुसऱ्याचा हात लागणे हा या कलेत कमीपणा नाही. ती तिची जुनी वहिवाट आहे.

म्हणूनच ही कला मला मानवली. जलरंगाची ओल कोणासाठी थांबत नाही, लिनोचा ठसा मात्र थांबतो. आज अर्धवट सोडलेली रेघ चार दिवसांनी तिथेच सापडते. लिनोलियममध्ये जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा असतो; थंडीत ते कडक होते, उन्हात ठेवले की मऊ पडते. मी ते दुपारी उन्हात ठेवते आणि वीस मिनिटे कोरून थांबते. कोरणीच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली आहे, म्हणजे मूठ फार आवळावी लागत नाही. शाई लावल्यावर कागद चमच्याच्या पाठीने घासावा लागतो. ते माझ्या मनगटाला झेपत नाही, ते माझी मैत्रीण करते. छापाखाली आम्ही दोघींची आद्याक्षरे घालतो.

आता आपल्या महाविद्यालयाकडे वळते. कलामंडळाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, कामाला बैठी डेस्के आहेत आणि स्पर्धेत अडीच तासांत, एकट्याने, जागेवर चित्र पुरे करायचे असते. वेळेची अट काढली तर स्पर्धा कसली, असे कोणी विचारील. त्यांना माझा उलट प्रश्न आहे : आपण परीक्षा कशाची घेतो, चित्राची की घड्याळाची? वेगाची परीक्षा घ्यायला क्रीडांगण आहेच!

माझी मागणी मोठी नाही. तळमजल्यावर एक खोली, उभ्याने काम करता येईल अशी दोन उंच टेबले, चार स्टुले, आणि आठ-पंधरा दिवसांत, मदतनीस घेऊन केलेल्या छापचित्रांसाठी स्पर्धेत एक वेगळा विभाग. याला कृपा करून सवलत म्हणू नये. त्याचा उपयोग मला एकटीलाच होईल असेही नाही. सकाळी शेतावर राबून येणारे आणि रात्रपाळी करून वर्गात बसणारे मित्रही आपल्यात आहेत. अंग त्यांचेही दुखते.

प्राध्यापकवर्गाने आणि कलामंडळाने पुढील वर्षाचे नियम ठरवताना एवढा विचार करावा, ही नम्र विनंती. टाळ्या मात्र चित्र चांगले झाले तरच वाजवाव्यात.

— द्वितीय वर्ष, बी. ए.