विटाळ कोणता आणि दूषण कोणते?

1927 साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी ओंजळीने प्राशन केले, तेव्हा सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले! ती बुद्धी आपण मागे टाकली. परंतु बंधुभगिनींनो, पाणी खरोखर केव्हा दूषित होते, हे पारखण्याची विद्या आपण हस्तगत केली आहे काय?

केडगावचेच पाहा. नगर-पुणे रस्त्यावरील हे गाव आता शहराचे उपनगर झाले आहे. शहराचे सांडपाणी सीना नदीत जाते. जमिनीखाली काळा कातळ. त्याच्या भेगांतून पाणी कोठून कोठे जाईल, ते वरून दिसत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या कूपनलिकेचे पाणी चांगले, यावरून आपलेही चांगले ठरत नाही. वास नाही, चव गोड आहे, हा तर पुरावाच नव्हे. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पण लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की बाटलीच्या दुधावरील तान्ह्या बाळाला धोका संभवतो. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही.

संशय आला की नमुना घ्यावा. पण कसाही नव्हे. टाकीतले पाणी घेऊ नका. पंप चालवून नळात साचलेले पाणी आधी वाहून जाऊ द्या. रासायनिक तपासणीचा डबा त्याच पाण्याने तीनदा विसळा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणावी, ती विसळू नये, झाकणाला आतून बोट लावू नये, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. संशयित जागेच्या चढाकडील एक, लगतचा एक व उताराकडील एक असे नमुने घेतले, तरच दोष कोठून येतो याचा माग लागतो. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा.

1974 च्या जलप्रदूषण अधिनियमाचे कलम 21 पाहा. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मालकाला सूचना देऊन, दोन भाग करून, मोहोर व सह्या करून घेतला नाही, तर त्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. कारखानदाराच्या रक्षणासाठी एवढी शिस्त! आपल्या विहिरीच्या नमुन्याला तीच शिस्त आपण आपल्या हाताने लावावी. ठिकाण, तारीख, वेळ व घेणाऱ्याचे नाव बाटलीवर लिहा, तेच वहीत उतरवा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तेथे नमुना दिल्याची पोच मागा, अहवाल लेखी घ्या, आणि तो अर्जाला जोडून महानगरपालिकेत व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आवक क्रमांकासह दाखल करा.