फळीवरचा क्रम कोणाचा?

घरातील ध्वनिमुद्रिकांचा संग्रह कसा लावावा, हा प्रश्न वरकरणी फावल्या वेळाचा वाटतो. आमच्या मते तो वाङ्मयीन वर्गीकरणाइतकाच गंभीर आहे. आणि त्यात आम्ही एकदा मोठी चूक केली असल्यामुळे त्याविषयी लिहिणे आमचे कर्तव्यही आहे.

लोणावळ्यास वलवणच्या बाजूला आमच्या मामांचे जुने घर आहे. मामा गेल्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही भावंडांनी त्यांच्या सुमारे तीनशे तबकड्या आवरायला काढल्या. आवरणे आवश्यकच होते. मावळातला पाऊस चार महिने भिंतींत मुरतो. पुठ्ठ्याच्या वेष्टनांना बुरशी धरते आणि तेथून ती तबकडीवर पसरते. एकावर एक आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात, म्हणून त्या उभ्या ठेवाव्या लागतात. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या. त्या हातातून निसटल्या की फुटतात आणि स्पिरिटने पुसल्यास त्यांचा पृष्ठभागच खराब होतो. ही सारी पथ्ये आम्ही पाळली. इथवर आमचे चुकले नाही.

चुकले ते पुढे. मामांच्या मांडणीत आम्हांला कोणतेही सूत्र दिसेना. शेजारी शेजारी ख्याल, नाट्यपद, मध्येच एखादे भावगीत. म्हणून आम्ही सगळा संग्रह कलावंतांच्या नावांनुसार अकारविल्हे लावला आणि एका दुपारीत 'शिस्त' आणल्याचे समाधान मिळवले.

वास्तविक शंका तेव्हाच यायला हवी होती. 'मानापमान' हे १९११ सालचे नाटक; शब्द कृ. प्र. खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि त्यातली पदे बालगंधर्वांच्याही आवाजात आहेत, मास्टर दीनानाथांच्याही. ती कोणाच्या नावाखाली ठेवायची? रागवार लावावे, तर उस्ताद अमीर खाँ यांच्या प्रसिद्ध तबकडीच्या एका बाजूस मारवा आहे, दुसऱ्या बाजूस दरबारी. एक राग सूर्यास्ताचा, दुसरा उत्तररात्रीकडे झुकणारा. तबकडीला बाजू दोन असतात, फळीवर तिला जागा मात्र एकच मिळते. कोणतेही वर्गीकरण एक नाते राखते आणि बाकीची तोडते.

आम्ही कोणते नाते तोडले, ते आषाढात कळले. मामींची दृष्टी गेली काही वर्षे अधू झाली आहे. मामांच्या मागे त्या रोज संध्याकाळी स्वतः उठून रेकॉर्ड लावत. खालची फळी, उजवीकडून चौथी, असा त्यांचा हिशेब होता. मामांनी क्रम लावला होता तो दोघांच्या ऐकण्याचा: पावसाळ्याच्या संध्याकाळच्या खाली, पहाटेच्या वर, पाहुणे आल्यावर लावायच्या कडेला. मामी रागावल्या नाहीत. "माझ्या हाताला लागत नाहीत रे आता," एवढेच म्हणाल्या. त्या महिनाभर फोनो बंदच होता.

यावर कोणी म्हणेल, की खाजगी सोय ती केवढी. अभ्यासकाला पद्धतशीर मांडणी हवीच. आक्षेप रास्त आहे. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. अशा संग्राहकांनी तबकड्यांची नोंद केली नसती, तर आपल्या संगीताचा इतिहास बराचसा ऐकीव राहिला असता. परंतु नोंद म्हणजे सूची, फळी नव्हे. सूचीत एकाच तबकडीला गायकाखाली, रागाखाली, नाटकाखाली, कवीखाली अशा चार जागा देता येतात. त्यासाठी तबकडी हलवावी लागत नाही. तेव्हा विद्वत्तेचा क्रम वहीत असावा आणि ऐकणाऱ्याचा क्रम फळीवर.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे दूरचे वाटू नये. दिवंगत लेखकाची पुस्तके ग्रंथालयात येतात आणि लगेच विषयवार विखुरली जातात. त्याच्या टेबलालगत कोणते पुस्तक कोणत्या पुस्तकाशेजारी होते, हा त्याच्या वाचनाचा पुरावा त्याच दिवशी नष्ट होतो. आमचा आग्रह इतकाच, की एखादा संग्रह हलवण्यापूर्वी तो जसा आहे तसा, फळीवार आणि अनुक्रमाने लिहून काढावा. लेबलावरचा क्रमांक, वेष्टनावरचे पेन्सिलीचे शेरे, सारे. छायाचित्र घ्यावे. आणि ज्याच्या हाताला तो क्रम ठाऊक आहे, त्याला आधी विचारावे. आम्ही विचारले नाही. मामी शेजारच्याच खोलीत होत्या.

गणपतीपर्यंत आम्ही दर रविवारी मामींजवळ बसून जुना क्रम परत लावला. एक एक रेकॉर्ड वाजवायची आणि त्यांनी जागा सांगायची. बहुतेक लागल्या. अकरा तबकड्यांची जागा त्यांनाही आठवली नाही. ती मामांनाच ठाऊक असावी. त्या आम्ही वेगळ्या खोक्यात ठेवल्या आहेत आणि सूचीत त्यांच्यापुढचा रकाना कोरा सोडला आहे.