‘मागीर पळोवया’ ही पळवाट

गेल्या चवथीला फोंड्याच्या मूळ घरी आम्ही सगळे जमलो होतो. आरत्या झाल्या, पंगत उठली आणि पाने आवरता आवरता कोणीतरी माझ्या दहावीतल्या भाचीला तो ठरलेला प्रश्न विचारला, "फुडें कितें?" पोर शांतपणे म्हणाली, "एनडीए. म्हाका फायटर पायलट जावपाचें आसा."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग आजी, दोन काका आणि डॉक्टर मावशी यांनी मिळून निकाल दिला, "आदीं नीट दी बाये, मागीर पळोवया."

आम्ही लिहितो मराठीत, पण घरातले निकाल कोकणीतच लागतात. म्हणून वाक्य जसेच्या तसे दिले आहे. आधी नीट दे, मग बघू. ऐकायला किती समंजस! कुणी ‘नाही’ म्हटलेले नाही, कुणी रागावलेले नाही. वाचकहो, माझे भांडण नेमके या समंजसपणाशी आहे. कारण हे वाक्य म्हणजे नकारच आहे, आणि तो देणाऱ्याला नकाराची जबाबदारी घ्यावी लागत नाही.

का, ते सांगतो. एनडीएला अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागते. पुढे एक दिवससुद्धा चालत नाही. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. आणि नीट? तिची वरची वयोमर्यादा 2022 साली काढूनच टाकली. सतराव्या वर्षी द्या, पंचविसाव्या वर्षी द्या. म्हणजे एक दार तीन वर्षे उघडे राहून कायमचे बंद होते, दुसरे उघडेच असते. आणि आम्ही शहाणी माणसे मुलांना सांगतो, आधी उघड्या दाराशी रांग लावा!

त्यात आमच्याकडची रीत अशी की बायोलॉजी घेतले की गणित ‘ओझे’ म्हणून टाकायचे. तिथेच अर्धा निकाल लागतो. पहिल्या नीटला गुण कमी पडले की एक वर्ष ‘ड्रॉप’, मग आणखी एक. तोवर साडेएकोणीस उलटून जातात. मग बघू म्हणणाऱ्यांना काही बघावेच लागत नाही. कॅलेंडर त्यांचे काम परस्पर करून टाकते.

कोणी म्हणेल, पदवीनंतरही वाट आहे की! आहे. हवाई दलाच्या ॲफकॅट परीक्षेतून फ्लाइंग शाखेत जाता येते, पण त्याचे वय 20 ते 24, आणि तिथेही बारावीचे गणित लागतेच. एमबीबीएसला साडेचार वर्षे आणि वर "इंटर्नशिप"चे एक वर्ष. हिशेब करा. उलट डॉक्टर झाल्यावर गणवेश घालायचा असेल तर सेनादलाच्या वैद्यकीय शाखेत तिशीपर्यंत जाता येते. पुण्याच्या एएफएमसीची वाट तर नीटमधूनच जाते. डॉक्टरला सैन्यात जायला वेळ असतो, वैमानिक व्हायला नसतो.

हे सगळे मला आज कळते. दहा वर्षांपूर्वी कळत नव्हते, किंवा कळून घ्यायचे नव्हते. माझ्या पुतण्याला हेच हवे होते. भावाने मला विचारले, कारण घरात शिकलेला म्हणून माझा शब्द चालतो. मी म्हणालो, "गणित सोड, बायोलॉजीवर भर दे, मग बघू." दोन वेळा नीट दिल्यावर त्याला एमबीबीएस मिळाले. आज तो एका आरोग्य केंद्रात आहे, चांगला डॉक्टर आहे, लोक त्याचे नाव घेतात. मी निर्धास्त होतो. मध्ये एकदा मडगावहून येताना गाडीत सहज म्हणाला, "काका, मी तिथे नापास झालो असतो तर मला काहीच वाटलं नसतं. पण मला बसूच दिलं नाहीत."

मी गाडी चालवत राहिलो. उत्तर नव्हते, आजही नाही.

आता समोरच्यांचा खरा मुद्दा घेऊ. मुद्दा जिवाचा आहे. गोव्यातल्या माणसाला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. 1 ऑक्टोबर 2002 ला दाबोळीच्या आकाशात नौदलाची दोन आयएल-38 विमाने एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतला एकही जण वाचला नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये वेर्णे भागात मिग-29के कोसळले, दोघे वैमानिक बाहेर पडले म्हणून बचावले. भाचीच्या आईला ही भीती वाटते, आणि ती खोटी आहे असे मी कधीच म्हणणार नाही. पण मग तसे म्हणा! "मला भीती वाटते, मी तुला पाठवणार नाही" हे प्रामाणिक वाक्य आहे. त्यावर मुलगी भांडू शकते, रडू शकते, समजूही शकते. ‘मागीर पळोवया’वर भांडता येत नाही.

आणि या भीतीला ‘सेवा’ हे नाव देऊ नका. डॉक्टरकी ही सेवा आहे, शंकाच नाही. 1842 पासून या भूमीत वैद्यकीय शिक्षण आहे, गोमेकॉचा वारसा तिथवर जातो, आणि बांबोळीच्या वॉर्डात रात्र काढलेल्या कोणालाही डॉक्टर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पण आपण मुलीला डॉक्टर करतो ते सेवेसाठी की स्थैर्यासाठी, हे आपले आपल्याला ठाऊक असते. खाजगी कॉलेजच्या फीसाठी कर्ज काढणारे आईबाप एनडीएचे प्रशिक्षण सरकारी खर्चाने होते, याकडे बघतही नाहीत.

बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आपण मुलांना नेतो, सी हॅरियरसमोर उभे करून फोटो काढतो. डिसेंबरात मुक्तिदिन साजरा करतो. 1961 च्या त्या हवाई मोहिमेचे नेतृत्व एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो या मूळ गोमंतकीय अधिकाऱ्याकडे होते, हे किती घरांत सांगितले जाते? विमाने आपली, अभिमान आपला. चालवणारी पोरे मात्र दुसऱ्याची हवीत.

‘मुलीची जात’ म्हणणाऱ्यांसाठी एवढेच: एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी जुलैत सब लेफ्टनंट आस्था पुनिया नौदलाच्या लढाऊ विमानांसाठी निवडली गेलेली पहिली महिला ठरली.

भाची निवडली जाईलच असे नाही. बहुतेक जण निवडले जात नाहीत. लेखी परीक्षा, पाच दिवसांची मुलाखत, डोळ्यांपासून पायांच्या लांबीपर्यंत तपासण्या. आणि वैमानिकाची कलचाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. तिथे पडलात की फ्लाइंग शाखा संपली. तीही परत आली तर डॉक्टर होईल, उत्तम होईल. पण ती विचारून आलेली असेल.

म्हणून चवथीच्या त्या रात्री मी भरल्या घरात सांगितले, आणि इथेही सांगतो: अकरावीत गणित ठेवायचे, बायोलॉजीही हवी तर ठेवा. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, ती आधी द्यायची. नीट मागीर पळोवया.

आजी अजून माझ्याशी धड बोलत नाही. भाचीने मात्र जाताना गणिताचे पुस्तक मागून नेले आहे.